पेशी त्यांच्याच, राखण वहिनींची: कोल्हापुरातल्या एका स्टेम सेल प्रत्यारोपणाची हकिकत

मायलोमा हा रक्ताचा कर्करोग आमच्या दवाखान्यात बहुतेक वेळा पाठदुखीचं रूप घेऊन येतो. तात्याही कंबरेला पट्टा बांधून आणि एक्स-रेची पिशवी घेऊन आले होते. (तात्या हे खरं नाव नव्हे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. लिहायला दोघांचीही परवानगी आहे. वहिनींनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, तर "लिवाच, कुणाच्या तरी उपयोगी पडंल" असं बजावून सांगितलं.)

वय ५६, गंगावेशीतले गवळी. तरुणपणी तालमीत घुमलेलं शरीर. पहाटे म्हशी घेऊन कट्ट्यावर जायचं आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात द्यायचं, हा पिढीजात धंदा. सहा-सात महिन्यांपासून पाठ धरली होती. एका ठिकाणी मणक्यात गॅप आहे असं सांगून पट्टा मिळाला, दुसरीकडे दुखण्यावरच्या गोळ्या चालू झाल्या आणि त्या थांबल्याच नाहीत. मला पाठीपेक्षा त्यांचा पांढुरका चेहरा खटकला. हिमोग्लोबिन ७.८ निघालं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन २.१, ईएसआर शंभरावर. रक्तातली एकूण प्रथिनं १०.९, पण त्यात एरवी सगळ्यांत जास्त असणारं अल्ब्युमिन फक्त २.८.

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची हटत नाही अशी पाठदुखी, रक्त कमी, किडनीवर ताण आणि प्रथिनांचं प्रमाण उलटं, एवढं एकत्र दिसल्यावर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून बघणारी तपासणी, लगेच करावं. ही तपासणी कोल्हापुरात सहज होते. तात्यांच्या रिपोर्टमध्ये एम-बँड, म्हणजे एकाच प्रथिनाची ठळक पट्टी, स्पष्ट होता. एमआरआयमध्ये कंबरेचा पहिला मणका दबलेला होता आणि अस्थिमज्जेच्या तपासणीत प्लाझ्मा पेशी ४८ टक्के निघाल्या.

प्लाझ्मा पेशी एरवी आपल्याला जंतूंपासून वाचवणारी प्रतिपिंडं तयार करतात. मायलोमात त्यांतलंच एक कूळ बेसुमार वाढतं आणि एकाच प्रकारचं निरुपयोगी प्रथिन रक्तात ओतत राहतं. हाडं पोखरली जातात, किडन्यांच्या नलिका तुंबतात, मज्जेत चांगलं रक्त तयार व्हायला जागा उरत नाही. अशा किडनीवर वेदनाशामक गोळ्यांचा मारा झाला की ती लवकर बसते. म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही त्या गोळ्या बंद केल्या.

पहिल्या टप्प्याचं औषध कोल्हापुरातच झालं. आठवड्याला पोटाच्या कातडीखाली बॉर्टेझोमिबचं इंजेक्शन, तोंडाने लेनालिडोमाइड, आठवड्यातून एकदा डेक्सामेथासोन. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन, नागीण उठू नये म्हणून ॲसायक्लोव्हिर. हाडांच्या झोलेड्रॉनिक ॲसिडआधी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवून दोन किडके दात काढून घेतले, कारण हे औषध चालू झाल्यावर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, असं घडू शकतं. तंबाखूही त्याच आठवड्यात सुटली. चार चक्रं झाली तेव्हा क्रिएटिनिन १.२ वर आलं होतं आणि तात्या पट्ट्याशिवाय चालत होते.

त्यामुळे पुण्याच्या रक्तविकारतज्ज्ञांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला तेव्हा घरात पहिला प्रश्न आला तो असा: माणूस बरा दिसतोय, मग आता हे कशाला?

विरजण

प्रश्न रास्त होता. उत्तर असं की औषधांनी रोग दबतो, पण मज्जेत दडून राहिलेल्या पेशी उरतात. त्या मारायला मेल्फालन नावाचं औषध खूप मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. ती मात्रा रोगाबरोबर चांगली मज्जाही संपवते. म्हणून रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, आधी रक्तातून काढून गोठवून ठेवायच्या, मग औषध द्यायचं आणि पेशी परत सोडायच्या. रोगावर घाव घालतं ते औषध. पेशी फक्त माणसाला त्या घावातून उठवतात. आणि हे रोज सांगावं लागतं की मायलोमा यानं मुळापासून जात नाही. तो जास्त काळ शांत राहतो. तात्यांच्या वयाच्या आणि ताकदीच्या माणसाला हा जादा काळ मिळवून देणं मला मोलाचं वाटतं.

घरात मात्र वेगळाच समज पसरला होता. तात्यांचे दोन्ही भाऊ मज्जा द्यायला तयार होऊन माझ्यासमोर बसले होते. "कुणाची जुळंल ती घ्या," धाकट्यानं सांगितलं. रक्ताच्या इतर काही कर्करोगांत भावाबहिणीच्या पेशी लागतात, इथं लागत नाहीत, हे मी सांगत असताना वहिनी कोपऱ्यातून म्हणाल्या, "म्हंजे इरजण बाजूला काडून ठेवायचं, भांडं कडकडीत पान्यानं घासायचं आनि मग तेच इरजण परत लावायचं. व्हय न्हवं?" त्यानंतर त्या घरात मला दुसऱ्यांदा समजवावं लागलं नाही.

सोबत कोण राहणार?

प्रत्यारोपण केंद्रानं वय, किडनी, हृदयाची टूडी इको, फुप्फुसं हे सगळं तपासलं. पण समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत त्यांचा ठाम प्रश्न होता: पूर्ण वेळ सोबत कोण? येऊन-जाऊन असणारी चार माणसं नकोत, एकच हवं आणि ते निरोगी हवं. रुग्णालयात साधारण तीन आठवडे, पुढे काही आठवडे रुग्णालयाजवळ खोली घेऊन, आणि मग घरी, प्रत्यारोपणानंतरच्या शंभराव्या दिवसापर्यंत.

मुलगा जाईल असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मुलगा शिकलेला, मोबाईल वापरणारा, पुण्यात वावरू शकणारा. वहिनींना कुणी विचारलंच नाही. सातवीपर्यंत शाळा, पंढरपूर आणि जोतिबा सोडला तर कोल्हापूरच्या बाहेर मुक्काम नाही. त्या आपल्या बीपीच्या गोळ्या न्यायला आल्या तेव्हा जाता जाता दारात थांबल्या. "डॉक्टर, पोरगा गेला तर धार कोन काडनार? मी गेलो तर गोठा बंद पडत न्हाई, त्यो गेला तर पडतोय. मला जमंल का हे?"

त्यांचा हिशेब बिनचूक होता. गोठा बंद म्हणजे उपचाराचे पैसे बंद. आणि तात्यांना उलटी झाल्यावर, जुलाब झाल्यावर, चिडल्यावर कोण सांभाळेल याबद्दल मला शंका नव्हती. शिकवायचं काय ते मोजकं होतं. डिजिटल थर्मामीटर काखेत धरणं, आकडा लिहिणं, हात साबणाने केव्हा केव्हा धुवायचे, आणि फोनवर काय सांगायचं. दोनशे पानी वहीत आम्ही रकाने आखले: वेळ, ताप, पाणी किती प्यायले, लघवी-संडास किती वेळा, गोळ्या. पहिल्या पानावर तांबड्या पेनानं एकच ओळ: '१००.४ किंवा जास्त = लगेच फोन. क्रोसिन द्यायची नाही.' ताप उतरवणारी गोळी आधी दिली तर ताप झाकला जातो आणि पांढऱ्या पेशी नसलेल्या माणसात काही तासांत जंतुसंसर्ग जिवावर बेततो. ही ओळ त्यांच्याकडून पाठ करून घेतली.

पैशांचं थोडक्यात. खासगी रुग्णालयाचं अंदाजपत्रक आठ लाखांचं होतं. खारघरला टाटा कर्करोग रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक या केंद्रातही हे प्रत्यारोपण होतं, त्याचाही विचार झाला. पण पुणे जवळ, २३०-२४० किलोमीटरवर, आणि तालमीतल्या पोरांना रक्तासाठी धावपळ करायला सोयीचं. दोन म्हशी विकल्या, भावांनी भर घातली, बाकी धर्मादाय ट्रस्ट आणि मुख्यमंत्री सहायता निधी. इतर कुटुंबांना माझं सांगणं एवढंच की रेशनकार्ड, आधार, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रुग्णालयाचं अंदाजपत्रक ही फाईल भरती व्हायच्या आधी तयार ठेवा. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. बिल झाल्यावर धावून हाती फार थोडं लागतं.

पुण्यात

एप्रिलमध्ये पेशी गोळा केल्या. त्यासाठी चार दिवस फिलग्रास्टिमची इंजेक्शनं देतात. त्यानं मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. कंबर आणि छातीचं हाड ठणकतं, ते त्याचंच लक्षण. पाचव्या दिवशी रक्तातल्या सीडी३४ पेशींचा, म्हणजे याच मूळ पेशींचा, आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला. लेनालिडोमाइड घेतलेल्यांत असं होऊ शकतं, म्हणूनच चार-सहा चक्रांच्या पुढे जाण्याआधी पेशी काढून घेतात. त्या रात्री प्लेरिक्साफोर हे महागडं इंजेक्शन द्यावं लागलं. त्यानंतर दोन दिवस, रोज चार-पाच तास, मानेतल्या नळीवाटे रक्त यंत्रातून फिरवलं. रक्त गोठू नये म्हणून मिसळलेल्या सायट्रेटमुळे कॅल्शियम उतरतं आणि ओठांना मुंग्या येतात. तात्या गप्प बसून सोसत होते, वहिनींनी ओळखलं आणि सिस्टरला बोलावलं. शरीराच्या दर किलोमागे ४२ लाख पेशी जमल्या. किमान २० लाख लागतात.

मेच्या मध्यावर मेल्फालन दिलं. किडनी सावरलेली असल्यामुळे पूर्ण मात्रा, दर चौरस मीटरला २०० मिलिग्रॅम. औषध चालू असताना आणि आधी-नंतरही बर्फ चघळत राहायचं असतं. थंडीनं तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध तिथं कमी पोचतं आणि तोंड कमी सोलवटतं. फुकटातला उपाय आहे आणि फार मोठ्या कामाचा. तात्यांना बर्फाचा कंटाळा आला की वहिनी स्वतः एक खडा तोंडात टाकून समोर बसायच्या.

पेशी परत सोडायचा दिवस म्हणजे शून्य दिवस. नातेवाईक मोठ्या ऑपरेशनच्या तयारीनं आले होते. प्रत्यक्षात कोमट पाण्यात वितळवलेल्या पिशव्या सलाईनसारख्या तासाभरात लागून झाल्या. गोठवताना वापरलेल्या डीएमएसओ या द्रवामुळे खोलीभर लसणासारखा वास सुटला, तो दुसऱ्या दिवसापर्यंत तात्यांच्या श्वासाला येत होता. एवढ्यासाठी आठ लाख, असं एक नातलग बोलून गेले. त्यांना पुढचे दहा दिवस बघायला मिळाले नाहीत.

चौथ्या दिवसापासून पांढऱ्या पेशी शंभराखाली गेल्या. तोंड आलं, दिवसाला दहा-बारा जुलाब, अन्नाचा वास नकोसा. केस उशीवर येऊ लागले. सातव्या दिवशी पहाटे ताप १०१.२. वहिनींनी बेल दाबली, रक्ताचे नमुने कल्चरला, म्हणजे जंतू शोधायला, गेले आणि तासाच्या आत प्रतिजैविक सुरू झालं. प्लेटलेट ९,००० वर आल्यावर एकाच दात्याकडून यंत्रानं काढलेल्या, किरणोत्सर्ग दिलेल्या प्लेटलेट लागल्या. त्यासाठी तालमीतली तीन पोरं रात्रीच्या गाडीनं गेली. अशा दात्यानं आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन किंवा दुखण्याची गोळी घेतलेली चालत नाही. कुस्तीच्या पोरांना अंगदुखीच्या गोळ्यांची सवय असते, म्हणून हे आधीच सांगून ठेवलं होतं.

त्या दिवसांत तात्या एकदा म्हणाले, "बास झालं, घरी न्या मला." सगळ्या टप्प्यांत हा मला सगळ्यांत अवघड वाटतो. माणूस औषधाला कबूल झालेला असतो, पण पेशी उगवायच्या आधीचं ते रितेपण त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. वहिनींनी वाद घातला नाही. फोन लावून गोठ्यातल्या म्हशींचा आवाज ऐकवला आणि कोणती किती दूध देते ते पोराला विचारत बसल्या. बाराव्या दिवशी न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या वर गेले आणि तिथून खाली आले नाहीत. सोळाव्या दिवशी सुट्टी मिळाली.

पंचगंगा आणि ३९ फूट

आता आमचं काम सुरू झालं. तारखांचा हिशेब आम्ही आधीच मांडला होता: मेमध्ये प्रत्यारोपण म्हणजे शंभरावा दिवस ऑगस्टच्या शेवटी, मधला सगळा काळ पावसाळ्याचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता आणि पंपिंग स्टेशनं बुडून शहराचं पाणी तुटलं होतं. पुराचं पाणी गंगावेशीपर्यंत येतं, हे तात्यांना मी सांगायची गरज नव्हती. म्हणून पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून दोन गोष्टी पक्क्या केल्या. प्लेटलेटची गरज पूर्ण संपेपर्यंत, म्हणजे तिसाव्या दिवसापर्यंत, पुण्यातच राहायचं. आणि कोल्हापुरात आल्यावर घरी न जाता राजारामपुरीतल्या बहिणीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मुक्काम. तिथून नदी न ओलांडता गाठता येईल असं रुग्णालय ठरवलं, तिथल्या फिजिशियनना केसची फाईल आधीच दिली.

गोठ्यापासून लांब राहायचं याचं दुसरं कारण बुरशी. वाळकी वैरण, शेण, ओल यांत ॲस्परजिलससारख्या बुरशीचे कण असतात, धडधाकट माणसाला काही होत नाही, पण अशा फुप्फुसांत ते रुजतात. धारोष्ण दूधही बंद. आयुष्यभर पहाटे ग्लास रिकामा केलेल्या माणसाला उकळलेलं दूध म्हणजे शिक्षाच. तात्यांनी ते मुकाट्यानं प्यायलं. कोशिंबीर, कच्चा कांदा, बाहेरचा प्रसाद, पेढे बंद. ताजा, उकळता पांढरा रस्सा मात्र चालतो हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरला. भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं हा आपल्याकडचा खरा प्रश्न. तालमीची मंडळी दहा-दहाच्या घोळक्यानं येतात आणि नको म्हटलं तर मन दुखावतं. दारावर 'डॉक्टरांच्या आदेशानुसार' अशी पाटी माझ्या सहीनं लावली. दोष माझ्यावर आला, काही बिघडलं नाही.

लेकीचं तीन महिन्यांचं बाळ दूर ठेवावं लागलं. त्याला नुकतेच पोलिओचे थेंब दिले होते. त्यातला विषाणू जिवंत असतो आणि काही आठवडे बाळाच्या शीतून बाहेर पडतो. नातवाला व्हिडिओ कॉलवर बघणं तात्यांना जुलाबांपेक्षा जड गेलं.

जुलैच्या अखेरीस पाऊस लागला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला पोचली होती. साधारण सत्तरावा दिवस. वहीत त्या संध्याकाळच्या नोंदी अशा आहेत: '७:०० – ९९.१. ८:१५ – ९९.८, पांघरूण मागितलं. ९:१० – १००.८.' त्याखाली '९:१२ फोन केला.' शेजारच्या बाई क्रोसिन घेऊन आल्या होत्या, सकाळी बघू म्हणत होत्या. वहिनींनी गोळी घेऊन कपाटात ठेवली आणि रिक्षा बोलावली. सव्वादहाला तात्या रुग्णालयात होते. ऑक्सिजन ९२, एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाला डाग. पुण्याशी फोनवर बोलून शिरेतून प्रतिजैविक लगेच सुरू केलं. नदी त्या वेळी ४३ फुटांच्या धोका पातळीच्या आत राहिली, पण त्या रात्री ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चौथ्या दिवशी ताप उतरला, आठव्या दिवशी घरी.

हे प्रकरण मी लिहायला घेतलं ते त्या ९:१२ साठी. मेल्फालन, यंत्रं, तज्ज्ञ, सगळ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. तरीही दोन महिन्यांनी, रात्री, पावसात, जीव अवलंबून होता तो सातवी शिकलेल्या एका बाईनं आकडा वाचून किती मिनिटांत फोन उचलला यावर. प्रत्यारोपणाच्या बैठकीत औषधांवर तासभर बोलणं होतं आणि काळजी घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला एक पत्रक येतं. तिला बसवून, वही आखून, थर्मामीटर हातात देऊन शिकवणं हा उपचाराचाच भाग आहे आणि तो आमच्यासारख्या गावातल्या डॉक्टरांनी अंगावर घेतला पाहिजे. पुण्या-मुंबईचं केंद्र ते कोल्हापुरात येऊन करू शकत नाही.

शंभरानंतर

शंभराव्या दिवसाच्या तपासणीत इलेक्ट्रोफोरेसिसवर एम-बँड दिसला नाही. त्याहून बारीक अशा इम्युनोफिक्सेशनमध्ये मात्र त्याची खूण अजून आहे. म्हणजे उपचाराला मिळालेला प्रतिसाद उत्तम आहे, संपूर्ण नाही. लेनालिडोमाइड १० मिलिग्रॅम रोज चालू केलं आहे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. प्रत्यारोपणानं लहानपणच्या लसींची आठवणही बरीचशी पुसली जाते, म्हणून सहा महिन्यांपासून न्यूमोकोकल, फ्लू आणि बाकीच्या लसी नव्यानं. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत नाहीत. तात्या आता मास्क लावून कट्ट्याच्या कडेला खुर्चीवर बसतात, हिशेब बघतात. धार मुलगा काढतो.

एक गोष्ट या सगळ्यात कुणाच्या तपासणीत नव्हती. सप्टेंबरात वहिनी तात्यांचा रिपोर्ट दाखवायला आल्या तेव्हा त्यांचं वजन उतरलेलं दिसलं. त्यांची साखर बघितली, जेवणानंतरची २८६, गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारं एचबीए१सी ९.४. कित्येक महिने तहान लागत होती, पायांची आग होत होती. "त्यांचं व्हईपातूर माझं राहू दे म्हटलं," त्या म्हणाल्या. बीपीच्या गोळ्याही पुण्यात असताना मधल्या मधे बंद पडल्या होत्या. आता पुढच्या रुग्णांसाठी आम्ही वहीत एक रकाना वाढवला आहे, सोबतच्या माणसाची साखर, बीपी आणि वजन, दर पंधरा दिवसांनी. वहिनींची मेटफॉर्मिन चालू आहे, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी पुढच्या आठवड्यात ठेवली आहे आणि या वेळी त्यांच्यासोबत तात्या जाणार आहेत.